पदवी, रोजगार आणि वेतन : श्रीमंत देशांतील नियम व भिलाईतील वास्तव

शिक्षण जितके अधिक, तितकी रोजगाराची शक्यता अधिक आणि वेतनही अधिक, हा श्रीमंत देशांतील नियम आहे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या 38 सदस्य देशांत 25 ते 34 वयोगटातील उच्चशिक्षितांपैकी सरासरी 87 टक्क्यांच्या आसपास तरुण नोकरी-व्यवसायात आहेत. उच्च माध्यमिक शिक्षण पूर्ण न करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 60 टक्के आहे. उच्च माध्यमिक स्तरावर थांबलेल्यांच्या तुलनेत उच्चशिक्षितांचे वेतन सरासरीने जवळपास दीडपट भरते.

भारतात मात्र चित्र उलटे दिसते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना व मानव विकास संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, 2022 मध्ये 15 ते 29 वयोगटातील पदवीधरांत बेरोजगारीचा दर 29.1 टक्के होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत तो केवळ 3.4 टक्के होता. याचा अर्थ निरक्षरांना चांगली कामे मिळतात असा नव्हे. ज्याच्या घरी चूल पेटण्यासाठी रोज मजुरी आणावी लागते, त्याला बेरोजगार राहणे परवडतच नाही. कामाच्या शोधात दोन-चार वर्षे घालवणे ही, कटू असले तरी, काहीशी सुस्थितीतील कुटुंबांची चैन आहे. नियमित पगाराची नोकरी मिळाल्यावर पदवीधर इतरांहून अधिक कमावतो, हे भारतातही खरे आहे. प्रश्न ती नोकरी मिळण्याचा आहे.

छत्तीसगडमधील भिलाई हे याचे बोलके उदाहरण ठरावे. सोव्हिएत संघाशी 1955 मध्ये झालेल्या करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या पिढीत बेताचे शालेय शिक्षण घेतलेल्या कामगारालाही कायम नोकरी, क्वार्टर व निवृत्तिवेळी भविष्य निर्वाह निधी मिळाला. कारखान्याच्या वेतनपटावर 1980 च्या दशकात 60 हजारांहून अधिक लोक होते. पुढे ही संख्या निम्म्याहूनही खाली आली, तर कंत्राटी कामगारांवरील भिस्त वाढली. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईच्या प्रदीर्घ अभ्यासातून दाखवले आहे की, येथील कामगारांमधील खरी दरी कायम व कंत्राटी नोकरीमधील आहे.

रायपूर-दुर्ग मार्गावरील भिलाई-3 आणि शेजारच्या चरोदा येथे रेल्वेचे मोठे मार्शलिंग यार्ड असल्याने रेल्वेची नोकरी हा येथील दुसरा आधार. परंतु तेथेही स्पर्धा देशव्यापी आहे. रेल्वेने 2019 मध्ये दहावी किंवा आयटीआय पात्रतेची 1 लाख 3 हजार 769 पदे जाहीर केली, तेव्हा 1 कोटी 15 लाखांहून अधिक अर्ज आले. अशा भरतीत पदवीधर व अभियंतेही रांगेत असतात. त्यामुळे केवळ दहावी झालेल्या उमेदवाराची वाट अधिकच अरुंद होते.

दुर्ग-भिलाई परिसरात शिक्षणसंस्थांची वाण नाही. तांत्रिक विद्यापीठ येथे आहे, 2016 मध्ये स्थापन झालेली आयआयटीही आहे. पदव्या वाढल्या, कायम नोकऱ्या त्या वेगाने वाढल्या नाहीत.