विधिव्यवसायातील जनसंपर्क

वकील व विधिसंस्था यांची सार्वजनिक प्रतिमा जपणे आणि आरोप, वादग्रस्त खटला किंवा माहितीची गळती अशा प्रसंगी माध्यमांशी संवाद साधणे, हे विधिव्यवसायातील जनसंपर्काचे कार्य. भारतात त्यावर कायद्याची मर्यादा आहे. वकील अधिनियम, १९६१ अन्वये भारतीय विधिज्ञ परिषदेने केलेल्या नियमांतील ३६ वा नियम वकिलांना जाहिरात व पक्षकार मिळविण्याची खटपट करण्यास मनाई करतो. स्वतःच्या खटल्यासंबंधी वृत्तपत्रांना मजकूर किंवा छायाचित्रे पुरविणेही त्यात निषिद्ध आहे. २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता व कार्यक्षेत्र देण्यास मुभा मिळाली. मुंबईत फौजदारी न्यायालयाबाहेर पक्षकार ओढण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये अशी खटपट व्यावसायिक गैरवर्तन ठरविली. माध्यमांसाठी निवेदन काढताना पक्षकाराची गोपनीयता (भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, कलम १३२) आणि न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ यांचे भान ठेवावे लागते. उदाहरणार्थ, वर्धा जिल्ह्यातील वकिलांना महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेची शिस्त लागू असून हा जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाखाली येतो. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात जनसंचाराचे शिक्षण मिळते. या क्षेत्रासाठी त्या शिक्षणाला कायद्याच्या ज्ञानाची जोड आवश्यक ठरते.