सद्गुणनीती : कन्फ्यूशसप्रणीत व पाश्चात्त्य

कर्माची परीक्षा नियमांवरून वा परिणामांवरून न करता कर्त्याच्या शीलावरून करणाऱ्या नीतिविचाराच्या या दोन परंपरा होत. पहिली कन्फ्यूशस (इ. स. पू. ५५१–४७९) आणि त्याचे अनुयायी मेन्शियस व श्युन-त्स यांची, दुसरी ॲरिस्टॉटलची (इ. स. पू. ३८४–३२२), जिला एलिझाबेथ ॲन्सकोम यांच्या १९५८ मधील लेखाने अर्वाचीन काळी पुन्हा चालना मिळाली.

सद्गुण उपदेशाने नव्हे, अभ्यासाने अंगी बाणतो, याविषयी दोहोंचे एकमत असून त्याचा दाखला विटा व आटपाडीच्या अवर्षणग्रस्त मुलखात घरोघर सापडतो. येथील पोरगा चुलत्याचे वा मामाचे बोट धरून केरळात, तमिळनाडूत अगर दिल्लीस गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, दुकानी जातो. मूस भट्टीत ठेवण्याआधी जिन्नस गिऱ्हाइकादेखत तोलावा, तेजाबात चांदी विरघळून तळाशी उरलेल्या सोन्याचा कणही हिशेबाबाहेर राहू देऊ नये, हे त्यास व्याख्यान देऊन कोणी शिकवीत नाही. आधी हात वळतो, मागून मन. कन्फ्यूशसच्या ‘ली’चे, म्हणजे विधी व शिष्टाचाराचे, कार्य असेच चालते, आणि न्याय्य कृत्ये करता करताच मनुष्य न्यायी होतो, हे ॲरिस्टॉटलचे प्रतिपादनही याहून दूरचे नाही.

भेद आहे तो सद्गुणाच्या उगमाविषयी. ॲरिस्टॉटलच्या विवेचनाचा भर नगरराज्याच्या नागरिकावर व प्रसंग पाहून योग्य प्रमाण ठरविणाऱ्या त्याच्या व्यवहारप्रज्ञेवर आहे; कन्फ्यूशसच्या मते मात्र ‘रन’चा, म्हणजे मानव्याचा, अंकुर मातापित्यांच्या व वडील बंधूंच्या आदरात फुटतो. मेंढी चोरणाऱ्या पित्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या मुलाची कोणी प्रशंसा केली असता, पित्याने पुत्रास व पुत्राने पित्यास झाकण्यातच सरळपणा आहे, असे त्याने उत्तर दिले. या उत्तरास आप्तांच्या पक्षपाताचे समर्थन मानणे अन्यायाचे होय. कारण मातापित्यांचा दोष दिसल्यास तो सौम्यपणे निदर्शनास आणावा, त्यांनी न ऐकल्यासही आदर सोडू नये, हेही त्याचेच सांगणे आहे. मामाच्या तराजूत खोट दिसलेल्या भाच्यापुढे हाच पेच उभा राहतो, आणि गिऱ्हाइकाचे सोने त्याच्या हाती असल्याने केवळ मौनाने तो सुटत नाही. श्युन-त्स याने तर येथे निःसंदिग्ध निर्णय दिला आहे : पित्याची आज्ञा व धर्म्य आचरण यांत विरोध आल्यास पुत्राने अनुसरावे ते धर्म्य आचरण.