पद्मटंकावरील खुणा

देवगिरीच्या यादवांचे पद्मटंक, म्हणजे मधोमध कमळ असलेली सोन्याची नाणी, एकाच साच्यातून न काढता चकतीवर कमळ, श्री, राजनाम असे ठसे एकेक ठोकून घडवीत. त्यामुळे वाटीसारखा खोलगटपणा, एकमेकांवर चढलेले ठसे, कोरी पाठ आणि काठाची बारीक चीर ही घडणीचीच लक्षणे होत, व तेवढ्यावरून नाणे खोटे ठरविणे उतावळेपणाचे होय. याउलट काठावर कानशीचे समांतर ओरखडे किंवा दागिन्याची कडी काढल्यावर राहिलेला डाक, म्हणजे सांध्याच्या हिणकस सोन्याचा वेगळ्या रंगाचा ठिपका, आढळल्यास तो नंतरचा हस्तक्षेप समजावा. असे नाणे अस्सल असले, तरी त्याचे वजन प्रमाण धरू नये.