गिरणगावची खोली आणि मालवणचे घर

१/
२०११ च्या जनगणनेतील तीन जिल्ह्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. दहा वर्षांत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली. मुंबई शहर जिल्ह्याची ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आली. ठाणे जिल्हा मात्र ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. यामागे कारणे अनेक आहेत. त्यांतील एक धागा घराच्या किमतीचा आहे आणि तो मालवणहून लालबागमार्गे डोंबिवलीपर्यंत जातो.

२/
मालवण, देवगड, वेंगुर्ले हे तालुके १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होते. डोंगर आणि खाडी यांमधली तुटपुंजी शेती, खोतीचा भार आणि पावसाळ्यानंतर हाताला काम नाही, अशा स्थितीत गिरण्यांची मुंबई हाच आधार होता. लोक बंदरावरून आगबोटीने जात. १९२१ साली पावणेबारा लाखांच्या मुंबईत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून अधिक लोक होते.

३/
यातील बहुतेक पुरुष एकटे येत. बायकामुले गावी राहत. त्यामुळे परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड या भागांत खोली कुटुंबाने नव्हे, तर गावाने घेतली. या ‘गावकीच्या खोल्या’. एका गावच्या मंडळींनी भाडे वाटून घ्यायचे, भिंतीशी ट्रंका रचायच्या, पाळीपाळीने झोपायचे आणि खाणावळीत जेवायचे. वाचलेला पैसा मनीऑर्डरीने गावी जाई. मुंबईतली खोली परवडे, कारण संसाराचे घर मालवणात होते.

४/
१८९६ च्या प्लेगने मुंबईच्या दाट वस्तीचा प्रश्न सरकारच्या दारात आणून उभा केला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने रस्ते रुंद केले, दाट वस्त्या पाडल्या आणि दादर-माटुंग्याला आखीव उपनगर वसवले. या उपनगराचा लाभ प्रामुख्याने मध्यमवर्गाला झाला. पाडलेल्या वस्त्यांतील श्रमिक जवळच्याच चाळींत शिरला आणि तेथील गर्दी वाढली.

५/
१९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, स्थापन झाले. उद्दिष्ट ५०,००० खोल्यांचे होते. खर्चासाठी कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. सुरुवातीची अनेक वर्षे त्यांतील बऱ्याच खोल्या रिकाम्या राहिल्या, कारण भाडे कामगाराच्या खिशाला जड होते. घरांची टंचाई आणि रिकामी घरे एकाच शहरात एकाच वेळी असू शकतात, हा धडा मुंबईला तेव्हाच मिळाला होता.

६/
दुसऱ्या महायुद्धात आणि फाळणीनंतर शहरात माणसांचा लोंढा आला. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे ‘प्रमाण भाडे’ मानून गोठवले. गिरणी कामगाराला यातून मोठे संरक्षण मिळाले. पगार आणि महागाई वाढत गेली, तरी खोलीचे भाडे जवळपास जागच्या जागी राहिले.

७/
याची दुसरी बाजूही होती. भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना, म्हणून मालकाने चाळीकडे पाठ फिरवली. भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधणेही ओसरले. कायद्याने भाडे बांधले, टंचाई तशीच राहिली, आणि खरी किंमत ‘पागडी’च्या रूपाने टेबलाखालून वाहू लागली. खोलीचा ताबा दुसऱ्याकडे जाताना मालकाला त्यातला ठरावीक वाटा मिळे. जुन्या कायद्याने गुन्हा ठरलेल्या या व्यवहाराला १९९९ च्या नव्या भाडे नियंत्रण कायद्याने मान्यता दिली.

८/
१९६० नंतर बाजाराची दिशा बदलली. भाड्याच्या खोलीऐवजी मालकीचा फ्लॅट हे नवे चलन झाले. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी सदनिका कायदा यांनी त्याला चौकट दिली. जुन्या चाळी मात्र ढासळत होत्या. १९६९ मध्ये त्यांच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ आणि उपकर यांची तरतूद करावी लागली.

९/
चाकरमान्यांची पुढची पिढी मुंबईतच संसार मांडू लागली. दहा बाय सोळाच्या खोलीत दोन भावांचे संसार मावेनात. दादर-परळात मालकीचे घर आवाक्याबाहेर होते. मग लोकलचा मार्ग हाच घराचा मार्ग ठरला. मध्य रेल्वेवर डोंबिवली, कल्याण, बदलापूर. पश्चिम रेल्वेवर नालासोपारा, विरार. घर स्वस्त मिळाले. उरलेली किंमत रोजच्या प्रवासाच्या तासांत मोजावी लागली.

१०/
१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप औपचारिकपणे मागे घेतला गेलाच नाही. अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत सुरू झाल्या नाहीत. कित्येक कामगार गावी परतले. कित्येकांनी खोली विकून कर्ज फेडले आणि मुलांसह दूरच्या उपनगरांची वाट धरली.

११/
गिरणी बंद पडली, पण तिच्याखालची जमीन सोन्याची झाली. ही जमीन सुमारे ६०० एकर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने पुनर्विकासात मोकळ्या जागा, सार्वजनिक घरे आणि मालक अशी ढोबळ तीन हिश्श्यांची वाटणी घातली होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. तत्पूर्वी, २००५ मध्ये, दादरची कोहिनूर गिरणी क्रमांक ३ तब्बल ४२१ कोटी रुपयांना विकली गेली होती.

१२/
कामगारांच्या वाट्याला सोडत आली. जून २०१२ मध्ये म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्जदार लाखाहून अधिक होते. संपाला तोवर तीस वर्षे उलटली होती आणि अनेक अर्ज कामगारांच्या वारसांचे होते.

१३/
आता धाग्याचे दुसरे टोक. मालवणातले जांभ्या चिऱ्याचे घर चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर उभे राहिले होते. आज त्यातली अनेक घरे गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात. एरवी कडीला कुलूप असते. सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांच्या काळापासूनची सामाईक नावे आणि वारस डोंबिवली, विरार, पुण्यात पांगलेले. त्यामुळे घर विकताही येत नाही आणि दुरुस्तही होत नाही.

१४/
किनाऱ्यावरचा बाजार मात्र जागा झाला आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी विमानतळ सुरू झाला. तारकर्ली-देवबागेत घरांच्या खोल्या पर्यटकांना भाड्याने जातात. काही कुटुंबांना गावातच मिळकत मिळाली. पण जमिनीचा भाव आता भाताच्या पिकावर नव्हे, समुद्राच्या दर्शनावर ठरतो. गिरणगावात जे घडले त्याची चाहूल इथेही लागते: जागा मोलाची होते आणि तिच्यावर राबलेल्या माणसालाच ती परवडेनाशी होते.

१५/
ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षांच्या इतिहासात ही लहान गोष्ट नव्हे. तरी एक प्रश्न उरतो. पुनर्विकासात हक्क मोजला जातो तो कागदोपत्री भाडेकरूचा. गावकीच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या अंथरूण टाकलेल्या शेकडो माणसांचे नाव भाडेपावतीवर कधीच नव्हते. नोकरीच्या शोधात मालवणहून आलेल्या पोराला पहिल्या रात्री विनाविचारता आसरा देणारी ती जागा होती, आणि तिची नोंद ठेवणारा रकाना कोणत्याही सरकारी तक्त्यात नाही.