चवदार तळे खटला

महाड (जि. रायगड) येथील तळ्यावर अस्पृश्यांना पाणी भरण्यास मनाई करावी, म्हणून काही स्पृश्य रहिवाशांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांवर लावलेला दिवाणी दावा. दाखल १२ डिसेंबर १९२७. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७.

कागदावर हक्क आधीच मिळाला होता. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला, आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. तरी त्यात अस्पृश्यांची ओंजळ बुडायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्या दिवशी पाणी पिऊन परतलेल्या माणसांना झोडपण्यात आले, नंतर तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ करण्यात आले. मारहाणीबद्दल पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. नगरपालिकेने मात्र ऑगस्टमध्ये स्वतःचाच ठराव मागे घेतला.

त्यानंतर पुकारलेल्या डिसेंबरच्या सत्याग्रहासाठी बाबासाहेब बोटीने दासगाव बंदरात उतरले. तोवर न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम निघाला होता. हजारो लोक तयारीने जमले असताना सत्याग्रह तहकूब झाला आणि लढा न्यायालयात गेला. या निर्णयाला किती धीर लागला असेल!

महाड, ठाणे, मुंबई: तिन्ही ठिकाणी वादी हरले. उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनी, अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादींनी सिद्ध केलेले नाही, असे ठरवले. हक्क मिळाला, पण समतेच्या तत्त्वावर नव्हे. पुरावा अपुरा पडला म्हणून. उद्या कोणी रूढी सिद्ध केली असती तर काय, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर संविधानाने दिले. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १५ ने विहिरी, तळी, घाट यांचा वापर नाकारण्यास बंदी घातली. पाणवठ्यावर अडवणे १९५५ च्या कायद्याने शिक्षापात्र ठरले. पीडित अनुसूचित जातीचा असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्याच कारणाने झाले असे याच कायद्याखाली न्यायालय गृहीत धरते; तसे नव्हते हे आरोपीने दाखवायचे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने विशेष न्यायालये आणली, अटकपूर्व जामिनाची वाट रोखली. त्याखालील १९९५ च्या नियमांनी पीडितांना आर्थिक साहाय्य देऊ केले. गावकीच्या वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये वेगळा कायदा केला. त्याची निकड दाखवणाऱ्या तक्रारींत रायगडच्या गावांमधल्या अनेक होत्या.