त्वचारोगांवरील लेप व प्रकाश चिकित्सा

रोगग्रस्त त्वचेवर औषधी द्रव्याचा लेप लावून, विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश पाडून किंवा हे दोन्ही उपाय एकत्र योजून करण्यात येणारी चिकित्सा. पोटात घेतलेले औषध सर्व शरीरभर पसरते, तर लेप व प्रकाश यांचा परिणाम मुख्यतः जेथे विकार आहे तेथेच होतो, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय. तथापि जे द्रव्य किंवा जे किरण रोगग्रस्त पेशींची वाढ रोखतात, तेच निरोगी त्वचेलाही भाजू शकतात. त्यामुळे गुण किती येतो आणि तो येईपर्यंत रुग्णाला काय सोसावे लागते, या दोन प्रश्नांचा विचार या चिकित्सेच्या इतिहासात वेगवेगळा करता येत नाही.

उन्हाचा औषधी उपयोग प्राचीन आहे. अथर्ववेदातील एका सूक्तात त्वचेवरील पांढरे डाग (किलास) घालविण्यासाठी वनस्पतीची प्रार्थना केलेली आढळते. मात्र ती वनस्पती कोणती याविषयी एकमत नाही. चरकसंहितेत श्वित्रावर (कोडावर) औषध घेतल्यानंतर रुग्णाने उन्हात बसावे, असे सांगितले आहे. आयुर्वेदात कोडावर वापरण्यात येणाऱ्या द्रव्यांत बावची (संस्कृत बाकुची) प्रमुख आहे. तिच्या बियांचा लेप लावून त्वचेवर ऊन घेतल्यास डाग लालसर होतो, पुष्कळदा फोड येतात व काही रुग्णांत कालांतराने केसांच्या मुळांभोवती रंगाचे ठिपके उमटू लागतात. ईजिप्तमध्ये नाईलच्या खोऱ्यात उगवणाऱ्या अम्मी मेजस या वनस्पतीचा उपयोग याच विकारावर याच रीतीने होत असे. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन प्रदेशांत दोन वेगळ्या कुळांतील वनस्पती एकाच कामासाठी निवडल्या गेल्या आणि पुढे दोहोंमध्ये एकाच गटातील रसायने सापडली, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानता येत नाही. लोकांच्या दीर्घ निरीक्षणाचे ते फळ दिसते. बावचीतील क्रियाशील द्रव्य एच्. एस्. जोईस व बी. एल्. मंजुनाथ या भारतीय रसायनज्ञांनी १९३३ मध्ये वेगळे केले. बावचीच्या सोरॅलिया या शास्त्रीय नावावरून त्याला सोरॅलेन हे नाव मिळाले.

लेपांच्या इतिहासात गोव्याचे नाव एका वेगळ्याच कारणाने आले आहे. एकोणिसाव्या शतकात गोवा व मुंबई येथे गजकर्णावर ‘गोवा पावडर’ नावाची पिवळसर तपकिरी भुकटी वापरीत असत. ही भुकटी मूळची गोव्याची नव्हेच. ब्राझीलमधील अरारोबा या वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांत ती साठते व पोर्तुगीज व्यापाऱ्यांमार्फत ती भारतात येत असे. १८७० नंतरच्या काही वर्षांत तिचे मूळ वैद्यकीय जगाला समजले. सोरियासिस (त्वचेवर लाल, जाड व चंदेरी पापुद्र्यांची चकंदळे येणारा चिवट विकार) झालेल्या एका रुग्णाने तो विकार गजकर्ण समजून ही भुकटी लावली आणि त्याला गुण आला, असे सांगतात. लंडनमधील त्वचारोगतज्ञ बॅल्मॅनो स्क्वायर यांनी १८७६ च्या सुमारास तिचा सोरियासिसवरील उपयोग प्रसिद्ध केला. भुकटीतील क्रियाशील द्रव्यास क्रायसॅरोबिन म्हणतात. पहिल्या महायुद्धात जर्मनीला हा माल मिळेनासा झाला, तेव्हा तेथील रसायनज्ञांनी त्याच्यासारखे कृत्रिम द्रव्य तयार केले. गालेव्हस्की व उना यांनी १९१६ मध्ये त्याच्या उपयोगाचे वर्णन केले. हेच डायथ्रॅनॉल किंवा अँथ्रॅलीन होय. सोरियासिसवर ते निश्चितपणे गुणकारी आहे. परंतु चकंदळाच्या कडेबाहेर गेलेला लेप निरोगी त्वचेची आग करतो आणि कातडी, कपडे, अंथरूण व न्हाणीघर यांवर जांभळट तपकिरी डाग पाडतो. औषध गुणकारी असूनही रुग्ण ते सोडून देतात याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल. लेप रात्रभर न ठेवता अर्ध्या तासाच्या आसपास धुऊन टाकण्याची पद्धत १९८० च्या सुमारास निघाली, ती याच अडचणीमुळे.

प्रकाशचिकित्सेला शास्त्रीय पाया मिळाला तो डेन्मार्कमध्ये. जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणांचा शोध १८०१ मध्ये रिटर यांनी लावला होता आणि सूर्यप्रकाशाने सूक्ष्मजंतू मरतात असे डाउन्स व ब्लंट यांनी १८७७ मध्ये दाखविले होते. फेअरो बेटांवर जन्मलेले नील्स रायबर्ग फिन्सेन (१५ डिसेंबर १८६०–२४ सप्टेंबर १९०४) यांनी त्वचेच्या क्षयावर (ल्यूपस व्हल्गॅरिस) प्रकाशाचा प्रयोग केला. हा रोग प्रायः चेहऱ्यावर होतो. नाक, ओठ व गाल हळूहळू झिजून रुग्ण विद्रूप होतो व समाजापासून तुटतो. फिन्सेन यांनी १८९५ मध्ये कार्बनच्या प्रज्योत दिव्याचा (दोन कार्बन कांड्यांमधील विद्युत् ज्योतीचा) प्रकाश भिंगांनी एकवटून व पाण्याने थंड करून एका रुग्णाच्या चेहऱ्यावर पाडला. १८९६ मध्ये कोपनहेगन येथे त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली. एका मोठ्या दिव्याभोवती चार रुग्ण निजवीत आणि प्रत्येकाजवळ बसलेली परिचारिका क्वॉर्ट्झची चकती त्वचेवर दाबून धरी. रक्त प्रकाश शोषून घेते, म्हणून दाबाने ते बाजूला सारणे आवश्यक असे. एका बैठकीत लहानशा भागावरच उपचार होई व बैठक तासभर किंवा अधिक चाले. उपचार महिनोन्‌महिने चालत. पहिल्या सु. ८०० रुग्णांपैकी पाचांतील चारांहून अधिक बरे झाल्याचे नमूद आहे. यापूर्वीच्या दाहक द्रव्यांनी डागण्याच्या व खरवडण्याच्या उपायांशी तुलना करता हे व्रणही बरेच मऊ व सपाट राहत. डेन्मार्कच्या राजघराण्यातील अलेक्झांड्रा (नंतर ब्रिटनची राणी) यांच्यामुळे १९०० मध्ये हा दिवा लंडन हॉस्पिटलमध्ये आला. फिन्सेन यांना १९०३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढल्याच वर्षी दीर्घ आजाराने त्यांचे निधन झाले.

फिन्सेन यांचा विश्वास असा, की जंबुपार किरण क्षयाचे जंतू थेट मारतात. जुन्या भिंगांची व गाळण्यांची तपासणी करून डॅनिश संशोधकांनी २००५ मध्ये दाखविले, की ३४० नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचे किरण त्या साधनांतून त्वचेपर्यंत पोहोचतच नव्हते. क्षयजंतूंमध्ये पॉर्फिरीन वर्गाची द्रव्ये असतात. ती निळ्या-जांभळ्या प्रकाशाने उद्दीपित होऊन ऑक्सिजनाचा विनाशक प्रकार निर्माण करतात व त्यामुळे जंतू मरत असावेत. उपचार खरा, पण त्याचे सांगितलेले कारण बहुधा चुकीचे, असा हा प्रकार आहे. १९५२ मध्ये आयसोनियाझिड वापरात आल्यानंतर या रोगावर प्रकाशाची गरज उरली नाही.

सोरियासिसवर लेप व प्रकाश यांची सांगड अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये विल्यम गोकरमन यांनी १९२५ मध्ये घातली. रुग्णास कोळशाचे डांबर फासून नंतर जंबुपार किरण देण्यात येत. इंग्लंडमध्ये लीड्स येथे इनग्रॅम यांनी १९५३ मध्ये डांबराचे स्नान, किरण व डायथ्रॅनॉलचा लेप असा क्रम ठरविला. दोन्ही पद्धतींनी कित्येक आठवड्यांत त्वचा स्वच्छ होई व पुष्कळांत ती महिनोन्‌महिने तशीच राही. परंतु त्यासाठी रुग्णालयात राहावे लागे आणि डांबराचा वास व डाग सहन करावे लागत. डांबरामुळे कर्करोग होईल ही भीती धुराडी साफ करणाऱ्या कामगारांच्या अनुभवावरून जुनीच होती. नेदर्लंड्समध्ये तेरा हजारांवर रुग्णांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सोरियासिस व इसब यांवर वापरलेल्या डांबरामुळे कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. तोवर मात्र हे औषध बहुतेक ठिकाणी मागे पडले होते. याचे मुख्य कारण म्हणजे सल्झबर्गर व व्हिटन यांनी १९५२ मध्ये इसबावर गुणकारी दाखविलेला हायड्रोकॉर्टिसोनाचा लेप व त्यानंतर आलेले अधिक तीव्र स्टेरॉइड लेप. त्यांना वास नाही, डाग नाही आणि गुण लवकर येतो. त्यांचा अपाय सावकाश दिसतो: त्वचा पातळ होणे, रक्तवाहिन्या उठून दिसणे, चेहऱ्यावर पुरळ व लाली. भारतात हे लेप ‘गोरेपणासाठी’ किंवा गजकर्णावर वैद्याच्या सल्ल्याविना वापरले जाऊ लागल्याने झालेले नुकसान फार मोठे आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्यांपैकी अनेक लेपांच्या विक्रीस वैद्यकीय चिठ्ठी आवश्यक केली.

सोरॅलेन व जंबुपार किरण यांच्या आधुनिक वापराची सुरुवात कैरो येथे झाली. अम्मी मेजसमधील मेथॉक्सिसोरॅलेन १९४७ च्या सुमारास शुद्ध रूपात मिळाल्यावर एल् मोफ्ती यांनी ते कोडाच्या रुग्णांना देऊन उन्हात बसविले. १९७४ मध्ये पॅरिश, फिट्सपॅट्रिक, टॅननबाउम आणि भारतीय वंशाचे मधू पाठक यांनी बॉस्टनमध्ये हेच औषध पोटात देऊन नव्या शक्तिशाली दिव्यांचे लांब तरंगलांबीचे (३२० ते ४०० नॅनोमीटर) किरण सोरियासिसच्या २१ रुग्णांना दिले. परिणाम अतिशय चांगला होता. ही पद्धत ‘पुवा’ या संक्षिप्त नावाने जगभर पसरली. सोरॅलेनाचे रेणू पेशीच्या डीएनए-रज्जूंमध्ये शिरतात व किरण पडताच दोन रज्जूंना परस्परांशी जखडतात, त्यामुळे पेशींचे विभाजन थांबते. ही क्रिया जितकी परिणामकारक तितकीच धोक्याचीही आहे, याची जाणीव अमेरिकेतील पुवाच्या पुरस्कर्त्यांना प्रारंभापासून होती, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. १९७५ मध्येच १६ केंद्रांवरील १,३८० रुग्णांची नोंद ठेवण्यास प्रारंभ झाला. १९७९ मध्ये त्यांच्यात त्वचेचे कर्करोग अपेक्षेपेक्षा अधिक असल्याचे दिसून आले. १९९० मध्ये पुरुषांच्या जननेंद्रियावरील अर्बुदांचा व १९९७ मध्ये घातक मेलॅनोमाचा वाढता धोका नोंदला गेला. हे निष्कर्ष मुख्यतः गोऱ्या वर्णाच्या रुग्णांचे आहेत. सावळ्या त्वचेत हा धोका पुष्कळ कमी दिसतो. तात्कालिक त्रास वेगळेच होते: मळमळ, खाज, भाजणे आणि औषध घेतल्यावर दिवसभर वापरावा लागणारा काळा चष्मा. भारतात दिव्यांऐवजी उन्हाचाच उपयोग पुष्कळ केला जातो. तो स्वस्त आहे, परंतु ऋतू, वेळ व ढग यांनुसार मात्रा बदलत असल्याने भाजण्याचे प्रकार घडतात.

पुवाचे महत्त्व कमी केले ते कोणतेही औषध न देणाऱ्या पद्धतीने. पॅरिश व येनिके यांनी १९८१ मध्ये दाखविले, की सु. २९५ नॅनोमीटरहून आखूड किरण त्वचा लाल करतात पण सोरियासिस बरा करीत नाहीत. ३१३ च्या आसपासचे किरण मात्र कमी भाजून अधिक गुण देतात. त्यावरून नेदर्लंड्समध्ये ३११ ते ३१३ नॅनोमीटर इतक्या अरुंद पट्ट्यातील किरण देणाऱ्या नळ्या तयार झाल्या व १९८४ पासून त्यांचे अनुभव प्रसिद्ध होऊ लागले. त्वचा किंचित लाल होण्यास लागणारी किमान मात्रा प्रथम मोजून, तिच्या सु. ७० टक्क्यांपासून आरंभ करतात व आठवड्यातून तीन वेळा मात्रा वाढवीत जातात. ॲम्स्टरडॅममध्ये १९९७ साली कोडावरही ही पद्धत पुवाइतकीच गुणकारी व सोसण्यास सोपी आढळली. गर्भवती स्त्रिया व मुले यांनाही ती देता येते. चेहरा व मान येथील डागांत रंग लवकर परततो. बोटांची टोके व ओठ यांवर तो क्वचितच परततो.

प्रकाशसंवेदी लेपाची तिसरी शाखा म्युनिकमध्ये निघाली. टापाइनर यांच्या प्रयोगशाळेत राब यांनी १९०० मध्ये रंगद्रव्य व प्रकाश एकत्र आल्यास एकपेशीय जीव मरतात असे पाहिले आणि १९०३ मध्ये टापाइनर व येझिओनेक यांनी त्वचेच्या कर्करोगावर इओसिनाचा लेप लावून प्रकाश दिला. पुढे ही कल्पना दीर्घकाळ बाजूला पडली. कॅनडातील केनेडी व पॉटियर यांनी १९९० मध्ये अमिनोलेव्ह्युलिनिक अम्लाचा लेप योजला. पेशी त्यापासून स्वतःच पॉर्फिरीन बनवितात व मग प्रकाशाने नष्ट होतात. उन्हाने होणाऱ्या कर्कपूर्व खरखरीत पुटांवर या उपचारास अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली. गुण चांगला असला तरी दिवा लागताच होणाऱ्या तीव्र वेदनांमुळे काही रुग्ण उपचार मध्येच थांबवितात. कोपनहेगनमधील त्वचारोगतज्ञांनी त्यावर उपाय म्हणून लेप लावलेल्या रुग्णास दिव्याखाली न निजविता दोन तास बाहेर दिवसाच्या उजेडात ठेवण्यास सुरुवात केली. पॉर्फिरीन थोडे थोडे तयार होत असताना ते लगेच खर्ची पडते, त्यामुळे वेदना अगदी कमी होतात आणि गुण जवळजवळ तितकाच येतो. उत्तरेकडील हिवाळ्यात मात्र ही पद्धत चालत नाही.