कच्चे टोमॅटो, आढी आणि दहिवर

आमच्या कोल्हापुरात दहिवर पडत नाही. थंडी पडते, डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा चौदा-पंधराच्या आसपास येतो, पंचगंगेच्या घाटावर धुके दिसते, पण रोपे गोठून काळी पडावीत अशी थंडी इकडे नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे हिमकण दिसतात, निफाडला पारा कधीकधी चार-पाच अंशांवर उतरतो आणि द्राक्षवाले शेकोट्या पेटवतात. बाकी आपल्याला 'दहिवर' हा शब्द जुन्या पुस्तकातच भेटायचा.

पण आता आपल्या घराघरांतली मुले अमेरिकेत आणि कॅनडात आहेत. त्यांच्या परसात टोमॅटो आहेत आणि ऑक्टोबरात त्यांच्याकडे पहिले दहिवर येते. मग नात्यातल्या कोणाचा तरी फोन येतो, "आत्या, उद्या रात्री फ्रॉस्ट आहे, झाडावर पाच किलो हिरवे टोमॅटो आहेत, काय करू?" उत्तर दोन वाक्यांत देता येते : मोठे झालेले आढीत घाल, लहान राहिलेल्यांची चटणी कर. मात्र या दोन वाक्यांमागचा इतिहास बराच लांबचा आहे. मी आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवला, तेव्हा तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेचा, पण लागवडीला लागला मेक्सिकोत. तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या 'तोमात्ल'वरून आजचे नाव आले. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात तो युरोपात नेला. मात्तिओली नावाच्या इटालियन वैद्याने इ.स. १५४४ मध्ये त्याची नोंद केली. लोक हे फळ वांग्यासारखे तेल, मीठ आणि मिरी घालून खातात, असे त्याने लिहिले. वांग्याशी नाते त्याला लगेच दिसले, आणि ते खरेही आहे, दोन्ही एकाच कुळातली. आपल्याकडेही टोमॅटोला 'बेलवांगी' हे नाव होते, बंगालीत तो 'बिलाती बेगुन' म्हणजे विलायती वांगे. विदर्भात 'भेदरे' म्हणतात, आमच्याकडच्या खेड्यांत 'टंबाटी' ऐकू येते. नवी वस्तू घरात आली की माणूस आधी तिचा जुना नातेवाईक शोधतो.

हिंदुस्थानात टोमॅटो पोर्तुगीजांबरोबर आला असे मानतात, पण स्वयंपाकघरात शिरायला त्याला फार वेळ लागला. मिरची आणि बटाटा आले आणि आपलेच होऊन बसले, टोमॅटो मात्र दारात ताटकळत राहिला. जॉर्ज वॉट या ब्रिटिश अधिकाऱ्याचा हिंदुस्थानातल्या उपयुक्त वस्तूंचा मोठा कोश १८८९ पासून निघू लागला. त्यात नोंद आहे की लोकांना हे फळ आवडू लागले आहे, तरी लागवड मुख्यतः युरोपियनांसाठीच होते, बंगाली आणि ब्रह्मी लोक ते आंबट कालवणात घालतात. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात आजही टोमॅटो चालत नाही.

आमच्या घरातही चालत नव्हता, म्हणजे लाल चालत नव्हता. आमची आजी लहान वयात सोवळी झालेली. तिच्या ताटात कांदा नाही, लसूण नाही, मसूर नाही, गाजर नाही. टोमॅटो कापला की मांसासारखा दिसतो म्हणून तोही नाही. अंगावर जन्मभर तांबडे आलवण, आणि ताटात तांबडे काही चालायचे नाही! पण परसातल्या झाडावरचा हिरवा कच्चा टोमॅटो तिला चालत असे. तो दिसायला कोवळ्या वांग्यासारखा, चवीला कैरीसारखा, आणि कैरी तर वर्षातून दोन-तीन महिनेच. श्रावण-भाद्रपदात ती हिरवे टोमॅटो चिरून तेलावर परतायची, मिरची, तीळ आणि दाण्याचा कूट घालून पाट्यावर वाटायची. तिच्या पानावर रुची आणणारे जे थोडे पदार्थ उरले होते, त्यांतला हा एक. पुष्कळ सोवळ्या घरांत टोमॅटो असाच आधी हिरवा शिरला असावा आणि मग लाल झाला, असे मला वाटते. शास्त्राने ज्यांच्या ताटातले एकेक काढून घेतले होते, त्या बायकांनी त्याला आधी आत घेतले.

आता गंमत पाहा. आपली चटणी साहेबाबरोबर विलायतेला गेली. १८६१ साली निघालेल्या मिसेस बीटन यांच्या प्रसिद्ध गृहव्यवस्थेच्या पुस्तकात आंब्याच्या बंगाली चटणीची कृती आहे. पण तिकडे कैऱ्या कुठून आणणार? मग त्यांनी सफरचंदे घेतली, आणि पहिल्या दहिवराआधी काढलेले हिरवे टोमॅटो घेतले. त्यात साखर, मनुका, आले, कांदा आणि भरपूर व्हिनेगर घालून तासन् तास शिजवले. दुसऱ्या महायुद्धात, १९३९ पासून, ब्रिटिश सरकारने घरोघरी भाजी पिकवायची मोहीम चालवली. जानेवारी १९४० पासून साखर रेशनवर गेली. अशा टंचाईत झाडावर राहिलेला हिरवा टोमॅटो टाकून देणे परवडणारे नव्हते. म्हणजे शब्द आपला, फळ मेक्सिकोचे, थंडी इंग्लंडची. आजीने ती व्हिनेगरची गोड चटणी तोंडात धरली नसती, हा भाग वेगळा.

आता आढीकडे वळू. आंबे पिंजरात थरावर थर घालून झाकून ठेवायचे, दोन दिवसांनी वास घ्यायचा, पिकलेले वर काढायचे, नासका दिसला तर लगेच बाहेर. 'एक नासका आंबा सगळी आढी नासवतो' ही म्हण आपण मुलांना संगतीचा धडा म्हणून शिकवतो, पण ती आधी अगदी शब्दशः खरी आहे. केळीचे घड बंद खोलीत धुरी देऊन पिकवत. एका फळाचे काहीतरी दुसऱ्याला लागते, आणि धुरातही तेच काहीतरी असते, एवढे आपल्या शेतकऱ्यांना पक्के ठाऊक होते. फक्त त्याला नाव नव्हते.

नाव मिळाले ते विसाव्या शतकात. सेंट पीटर्सबर्ग इथे नेल्युबोव्ह या शास्त्रज्ञाने १९०१ मध्ये दाखवले की दिव्याच्या गॅसमुळे वाटाण्याचे कोंब वेडेवाकडे वाढतात ते त्यातल्या इथिलीनमुळे. कॅलिफोर्नियात हिरव्या लिंबांना रंग यावा म्हणून ती रॉकेलच्या शेगड्यांच्या खोलीत ठेवत, लोकांना वाटे ही ऊब आहे. १९२४ साली डेनी याने दाखवून दिले की काम उबेचे नाही, धुरातल्या इथिलीनचे आहे. आणि १९३४ साली गेन या इंग्रज शास्त्रज्ञाने सिद्ध केले की पिकणारे फळ स्वतःच हा वायू सोडते. आमच्या धुरीचा आणि आढीचा उलगडा असा तीन पायऱ्यांत झाला.

पुढे धंद्याची घाई आली आणि आढीची जागा कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्यांनी घेतली. त्यातून ॲसिटिलीन निघतो, तो इथिलीनची नक्कल करतो, पण बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो. म्हणून फळे पिकवण्यासाठी त्याला कायद्याने बंदी आहे. २०१६ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दहा लाखांत शंभर भागांपर्यंत इथिलीन वायू वापरायला परवानगी दिली. म्हणजे शहाणपण फिरून आढीपाशीच आले, फक्त आता तिला यंत्राचे दार आहे.

परदेशातल्या मुलांसाठी आता नेमके सांगते. दहिवराच्या आदल्या दिवशी सगळे टोमॅटो उतरवावेत. एक मधोमध कापून पाहावा. बियांभोवती बुळबुळीत गर असेल आणि सुरीखाली बी न कापता सरकत असेल, तर त्याच्या बरोबरीचे आढीत पिकतील. बीच कापले गेले तर ते कोवळे, त्यांची चटणी. पिकवायचे ते पुसून, कागदात गुंडाळून, टोपलीत एका थरात ठेवावेत, जोडीला एक सफरचंद किंवा पिकले केळे. उजेड लागत नाही, ऊब लागते, साधारण पंधरा ते वीस अंश. फ्रिजमध्ये ठेवू नयेत, दहा-बारा अंशांखाली हिरवा टोमॅटो पिकायचे विसरतो. तीस अंशांवर लाल रंग नीट धरत नाही, म्हणूनच आमच्याकडे उन्हाळ्यात टोमॅटो पिवळट राहतात. रोज एकदा पाहावे, नासका लगेच काढावा. काही जण अख्खे झाड उपटून तळघरात उलटे टांगतात, आपण लसणाच्या जुड्या टांगतो तसे.

कच्च्या टोमॅटोत टोमॅटिन नावाचे कडसर द्रव्य असते, पिकताना ते कमी होते. भाजी-चटणीपुरते खाल्ल्याने काही बिघडत नाही, पाला मात्र खाऊ नये.

जास्त पीक आले की काय करायचे, हा प्रश्न आपल्या शेतकऱ्यांनाही सुटलेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये किलोला दोन-तीन रुपये मिळेनात म्हणून नाशिककडे टोमॅटो रस्त्यावर ओतले, आणि जुलै २०२३ मध्ये तोच शंभरीच्या पार गेला. झाडावर फळ कोणासाठी थांबत नाही. कच्चे असतानाच त्याची सोय लावणारी घरे होती तोवर परसापुरते तरी वाया जात नव्हते. ती सोय आजी-पणजींच्या हातात होती आणि त्यांनी ती कुठे लिहून ठेवली नाही, म्हणून मी ही लिहिली.

तुमच्याकडे हिरव्या टोमॅटोला काय म्हणतात आणि त्याचे काय करतात, ते जरूर कळवा.